गावंडे सरांच्या रक्तातला आकडा

चौतीस वर्षं लोकांचं रक्त काढून आणि तपासून वसुधाबाई गावंडे यांचं माणसाच्या जातीबद्दल एक मत तयार झालं होतं, आणि ते फारसं चांगलं नव्हतं. चंदीगडच्या एका मोठ्या सरकारी वैद्यकीय संस्थेत त्या बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. सकाळी पावणेसातला खिडकी उघडायची, आणि समोर पंजाब, हरियाणा, हिमाचल इथून रात्रभर बसने आलेली रांग. त्यातले खरोखर आजारी असलेले मुकाट्याने हात पुढे करत. त्यांच्याबद्दल वसुधाबाईंना काही म्हणायचं नव्हतं. राग यायचा तो दुसऱ्यांचा, धडधाकट माणसांचा. ‘एकदा काय ते खरं कळू दे’ म्हणत बाही वर करायची, आणि मनात मात्र ‘नॉर्मल’ हा एकच शब्द ऐकायचा असायचा. दुसरं काही छापून आलं की आधी मशीन खराब, मग तंत्रज्ञ बावळट, मग नळ्यांची अदलाबदल झालेली. खरं ऐकायला आलेला माणूस खरं ऐकून इतका चिडतो, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं.

निवृत्त झाल्यावर हे सगळं सुटेल असं त्यांना वाटलं होतं. सुटलं नाही. आता तपासण्या माणसांच्या मागे लागल्या होत्या.

त्या वर्षी संक्रांतीनंतरचं मराठी मंडळाचं हळदीकुंकू एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. बाहेर दुपारी बारालाही धुकं होतं आणि आत पन्नासेक बायका शालींवर शाली घेऊन बसल्या होत्या. पुरुष मागच्या खोलीत पोह्यांपाशी उभे होते. वाण म्हणून यंदा काय द्यायचं यावर मंडळाच्या सचिव लताताईंनी बराच विचार केला होता म्हणे. विचाराचं फळ असं निघालं, की प्रत्येकीच्या हातात तिळगुळाबरोबर एक चकचकीत कूपन पडलं. ‘मेधास्पर्श डायग्नोस्टिक्स. स्मृती सुरक्षा पॅकेज. एका रक्ततपासणीत जाणून घ्या उद्याची आठवण.’

पाठोपाठ ईश्वरी नावाची एक चुणचुणीत मुलगी माइक घेऊन उभी राहिली. नाशिकची होती, इथे एमबीए करून मेधास्पर्शमध्ये लागली होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत होऊ शकणारा स्मृतिभ्रंश आज रक्तात दिसू शकतो, असं ती गोड मराठीत सांगत होती. बायका माना डोलवत होत्या.

वसुधाबाईंनी हात वर केला. “दिसला तर पुढं काय करायचं?”

“लाइफस्टाइल बदलायची, मॅम. रोज चालणं, पुरेशी झोप, अक्रोड, एखादी नवी भाषा शिकणं.”

“हे रक्त न देता करता येत नाही?”

दोघीतिघी हसल्या. ईश्वरीही हसली. तिला तसं शिकवलेलं असावं.

“आणि काहीच त्रास नसलेल्या माणसासाठी ही तपासणी आहे, असं कुठल्या डॉक्टरांनी सांगितलंय?”

“मॅम, ती सूचना कूपनच्या मागच्या बाजूला आहे.”

वसुधाबाईंनी कूपन उलटलं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की ही तपासणी लक्षणं असलेल्यांसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी. पुढच्या बाजूला सूर्यास्ताकडे बघणारं एक हसरं म्हातारं जोडपं होतं. त्या वाचून दाखवणार इतक्यात लताताई चहाचा कप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “घ्या ना वसुधाताई, गार होईल.” वसुधाबाईंनी चहा घेतला. कूपन त्यांनी घरी येऊन फ्रिजवरच्या टोपलीत टाकलं. तिथे विजेची जुनी बिलं, रबरबँड आणि कामाला न येणाऱ्या किल्ल्या असत.

त्यांच्या या तुच्छतेच्या खाली एक जुनी गोष्ट होती. वसुधाबाईंची आई अकोटची. सत्तरीनंतर तिला विसर पडत गेला. भावाने, सुरेशने, दोन वर्षं सांभाळलं. मग एक दिवस गॅस चालू ठेवून ती शेजाऱ्यांकडे जाऊन बसली आणि सुरेशची बायको म्हणाली की आता आमच्याने होत नाही. वसुधाबाई आईला चंदीगडला घेऊन आल्या. सेक्टर एकोणपन्नासमधल्या त्यांच्या सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आई साडेचार वर्षं जगली. बाल्कनीत उभी राहून ती भाजीवाल्याशी वऱ्हाडीत बोलायची आणि तो खालून ‘हांजी बीजी, हांजी बीजी’ करत राहायचा. रोज दुपारी ती पिशवी भरून दारापाशी बसे. “मले अकोटले जायाचं हाय,” म्हणे. शेवटी एका जानेवारीत, धुक्याने सगळी विमानं आणि गाड्या अडकलेल्या असताना, ती गेली. सुरेश तेराव्याला पोचला.

त्यामुळे मुलीच्या, अपूर्वाच्या डोक्यात ते कूपन शिरलं यात नवल नव्हतं. अपूर्वा तेहतीस वर्षांची. नवरा रघुवीर हिमाचलचा, शांत माणूस. दोघं झिरकपूरला राहत आणि रोज दोन तास गाडीत बसून आयटी पार्कला जात-येत. अपूर्वाला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं हिंदी.

“मम्मा, नानी को था. आपको भी हो सकता है. जान लेने में हर्ज क्या है? हम प्लॅन कर सकेंगे.”

“काय प्लॅन करशील?”

“मतलब... घर, डॉक्टर, सब कुछ.”

“सांग ना. घराचं काय करशील?”

अपूर्वाला सांगता आलं नाही. वसुधाबाईंना ते आधीच माहीत होतं. ही पोरगी कसौलीला दोन दिवस जायचं तरी लॅपटॉपवर तक्ता करणारी. तिला आईसाठी एक रकाना हवा होता, आणि त्यात भरायला हो किंवा नाही. रकाना भरला की मन शांत. मग आई काय करील, रोज सकाळी आरशात कुणाला बघील, हे त्या तक्त्यात नव्हतं.

“मी तपासणी करणार नाही,” वसुधाबाई म्हणाल्या. “आणि हा विषय माझ्या घरात परत काढायचा नाही.”

कृष्णकांतराव तेव्हा तिथेच होते, मटार सोलत होते. ते फारसं बोलतच नसत. विद्यापीठात एकतीस वर्षं त्यांनी संख्याशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतरही सोसायटीत सगळे त्यांना ‘गावंडे सर’च म्हणत. मूळ यवतमाळचे. दरवर्षी पहिल्या सत्रात ते मुलांना एक उदाहरण घालायचे: आजार दुर्मीळ असेल तर चांगल्यातली चांगली तपासणीसुद्धा कितीतरी निरोगी माणसांना आजारी ठरवते, ते गणित करून दाखवा. एकतीस वर्षं तेच उदाहरण. वसुधाबाईंना ते तोंडपाठ झालं होतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर सकाळी अकराच्या सुमारास वसुधाबाईंचा फोन वाजला.

“मॅम, मैं मेधास्पर्श से बोल रही हूँ. गावंडे सर की रिपोर्ट के बाद का काउन्सेलिंग सेशन रखना था. सर फोन नहीं उठा रहे. आप उनकी केअरगिव्हर बोल रही हैं?”

“मैं उनकी बीवी बोल रही हूँ.”

“जी, वही.”

वसुधाबाईंनी फोन ठेवला. फ्रिजवरची टोपली खाली घेतली. बिलं होती, किल्ल्या होत्या. कूपन नव्हतं.

कृष्णकांतराव बाल्कनीत उन्हाला पाठ करून पेपर वाचत होते. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांना समजलं. उठून आत गेले, कपाटातून संभाव्यतेच्या एका जाड पुस्तकातून चार पानांचा रिपोर्ट काढून आणला आणि बायकोच्या हातात दिला. एका प्रथिनाचं नाव, पुढे आकडा, आणि आकड्याच्या पुढे लाल चौकोनात ‘उच्च’. उरलेल्या तीन पानांवर अक्रोड होते.

“तुम्ही?” वसुधाबाई म्हणाल्या. “मुलांना आयुष्यभर काय शिकवलंत?”

“बरोबर शिकवलं.”

“मग गेलात कशाला?”

“तू तपासणी करणार नव्हतीस. तुझ्या आईचं पाहिलंय मी. म्हटलं, उद्या तुला काही झालं, तर सांभाळणारा तरी धड राहील का, तेवढं बघावं. माझं नॉर्मल येईल असं धरूनच गेलो होतो.”

वसुधाबाईंनी चौतीस वर्षांत रांगेतल्या कुणाला जे ऐकवलं नव्हतं ते सगळं नवऱ्याला ऐकवलं. शिकलेला माणूस, पांढरे केस, आणि हळदीकुंकवाच्या वाणावर जाऊन रक्त देऊन येतो. बायकांच्या कूपनवर. कृष्णकांतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “खरा किती असेल आकडा?” तेव्हा वसुधाबाई थांबल्या, कारण त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस घाबरला आहे. दहा दिवस हा कागद पुस्तकात ठेवून एकटाच घाबरला आहे, आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी जेवताना कृष्णकांतरावांनीच अपूर्वाला सांगून टाकलं. लपवणं त्यांना जमायचं नाही. वसुधाबाईंच्या मते ही त्यांनी केलेली दुसरी चूक.

कारण त्या जेवणानंतर घरात कृष्णकांतराव नावाचं कुणी उरलं नाही. उरला एक पेशंट. अपूर्वा त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागली. त्यांच्या कानाला तर काहीच झालं नव्हतं. सात दिवसांचे सात कप्पे असलेली गोळ्यांची डबी आली. ते घेत होते रक्तदाबाची एकच गोळी. व्हॉट्सॲपवर ‘पापा केअर’ नावाचा गट निघाला आणि त्यात पापांनाच घेतलं नव्हतं. रघुवीरच्या आईने हिमाचलातल्या मंडी गावाहून पाच किलो अक्रोड पाठवले. चष्मा कुठे ठेवला म्हणून विचारलं की अपूर्वा आईकडे बघायची. तीच अपूर्वा त्या महिन्यात गाडीची किल्ली दोनदा ऑफिसात विसरली होती. पण तिच्या रक्ताचा रिपोर्ट नव्हता, म्हणून तो कामाचा ताण, आणि पापांचा तो रोग.

मार्चमध्ये कृष्णकांतराव स्कूटरवरून सेक्टर बावीसला घड्याळ दुरुस्तीला द्यायला गेले आणि परत येताना एका गोल चौकातून एक रस्ता आधीच वळले. वीस मिनिटं उशीर झाला. चंदीगडात चाळीस वर्षं राहिलेली माणसंही आठवड्यातून एकदा असं वळतात. सगळे चौक सारखे, सगळी झाडं सारखी, घरांचे रंगही सरकारने ठरवल्यासारखे. पण अपूर्वाने संध्याकाळी येऊन स्कूटरची किल्ली उचलली आणि पर्समध्ये टाकली.

“पापा, आपकी सेफ्टी के लिए.”

दुसऱ्या दिवशी कृष्णकांतराव पायी जाऊन दूध घेऊन आले. तिसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. दूध वसुधाबाईंनी आणलं. चौथ्या दिवशी त्यांनी वसुधाबाईंना विचारलं, “आज कुठला वार?” आणि लगेच म्हणाले, “मला माहीत आहे. मी उगीच विचारलं. मी बघत होतो की तू कशी बघतेस.”

वसुधाबाईंनी त्या क्षणी ठरवलं की हे असं चालणार नाही. त्यांनी संस्थेतल्या जुन्या ओळखीवर डॉ. देवदत्त सबनीसांची वेळ घेतली. सबनीस मेंदूविकारांचे डॉक्टर, सोलापूरकडचे, वसुधाबाईंच्या प्रयोगशाळेचे रिपोर्ट वीस वर्षं वाचलेले. वसुधाबाईंनी निघताना कपाटातून नवऱ्याचे मागच्या सहा वर्षांचे सगळे रक्ताचे रिपोर्ट काढून घेतले. अपूर्वा सुट्टी टाकून आली. तिच्याकडे लॅपटॉप होता.

मानसशास्त्राच्या खोलीत कृष्णकांतरावांची दोन तास परीक्षा झाली. शब्द लक्षात ठेवायचे, आकृती काढायच्या, शंभरातून सात-सात वजा करत जायचं. शेवटच्या भागात ते इतके वेगाने खाली उतरले की परीक्षा घेणारी मुलगी मागे पडली. निकाल वयाच्या मानाने चांगला, काही ठिकाणी फारच चांगला.

सबनीसांनी मेधास्पर्शचा रिपोर्ट वाचला आणि बाजूला ठेवला. “ही तपासणी वाईट नाहीये,” ते म्हणाले. “विसरायला लागलेल्या पेशंटसाठी मी स्वतः मागवतो. पण काही त्रास नसलेल्या माणसाला ती करून द्यायची नसते. गावंडे मॅडम, तुम्ही काही आणलंय?”

वसुधाबाईंनी फाइल पुढे सरकवली. “क्रिएटिनिन बघा, सर. सहा वर्षं वरच आहे. मूत्रपिंडं मंद आहेत यांची.”

सबनीस हसले. “हेच मी विचारणार होतो. मूत्रपिंडं मंद असली की हे प्रथिन रक्तात साचून राहतं. आकडा फुगतो.”

“मतलब रिपोर्ट गलत है?” अपूर्वाने विचारलं.

“गलत नहीं. आकडा त्यांच्याच रक्ताचा आहे. त्यातला किती मेंदूचा आणि किती मूत्रपिंडाचा, ते मला आज सांगता येणार नाही.”

“स्कॅन करवा लें?”

“करू शकता. समजा त्यात काही दिसलं, तरी त्रास नसताना मी आज कुठलंही औषध देणार नाही. मग ते कळून तुम्ही काय करणार? रक्तदाब सांभाळा, मूत्रपिंडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि वर्षाने या. त्याआधी काही बदल वाटला तर आधी या.”

“आणि स्कूटर?” कृष्णकांतरावांनी विचारलं. दोन तासांत पहिल्यांदाच ते आपणहून बोलले.

“चालवा की,” सबनीस म्हणाले.

बाहेर आल्यावर वसुधाबाईंनी अपूर्वापुढे तळहात धरला. अपूर्वाने पर्समधून किल्ली काढून दिली. गाडीत बसल्यावर वसुधाबाई जिंकलेल्या माणसासारख्या बोलत होत्या. मेधास्पर्शला पत्र लिहिणार होत्या, लताताईंना तर मंडळाच्या सभेतच विचारणार होत्या. कागदाच्या तीन पानांवर अक्रोड छापायला जागा आहे आणि एक ओळ मूत्रपिंडाबद्दल लिहायला नाही. सेक्टर बत्तीसच्या सिग्नलपर्यंत त्या बोलत राहिल्या.

तेव्हा मागच्या सीटवरून कृष्णकांतराव म्हणाले, “वसुधा, त्यांनी ‘नाही’ म्हटलं नाही. ‘माहीत नाही’ म्हटलं. तू ‘नाही’ ऐकलंस.”

रांगेतल्या लोकांबद्दल आपण जे म्हणत आलो तेच हा आपल्याबद्दल म्हणतोय, हे वसुधाबाईंना समजायला फार वेळ लागला नाही.

घरी पोचल्यावर कृष्णकांतरावांनी जेवणाच्या टेबलावर एक आखीव कागद घेतला आणि दोघींना बसायला सांगितलं. वर्गात सांगायचे तसंच. “मला होईल किंवा होणार नाही. आज माझं डोकं चालतंय, हे डॉक्टरांनी लिहून दिलंय. म्हणून आज सांगून ठेवतो. रिपोर्ट नसता आला तर सांगितलं नसतं, तेवढा त्याचा उपयोग.”

त्यांनी सांगितलं ते असं. मला यवतमाळला न्यायचं नाही. तिथे माझं कुणी नाही, उगीच ‘गावची माती’ वगैरे करू नका, मी इथला आहे. मी माणसं विसरायला लागलो तर कुणालाही माझ्यासमोर उभं करून ‘ओळखलं का’ विचारायचं नाही. ओळखलं नाही तर नाही, त्याला चहा द्यावा. स्कूटर कधी बंद करायची ते रघुवीरने सांगायचं, तुम्ही दोघींनी नाही, कारण तो उगीच बोलत नाही. आणि मला आंघोळ घालायची वेळ आली तर अपूर्वाने घालायची नाही. वसुधानेही नाही. पुरुष ठेवा. नाहीच जमलं तर पंचकुल्याला स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळणारं केंद्र आहे, तिथे ठेवा.

अपूर्वा रडायला लागली. वसुधाबाईंना मात्र राग आला.

“केंद्रात? मी आईला साडेचार वर्षं या घरात केलं. ते काय होतं मग?”

“ते मी पाहिलंय, म्हणूनच म्हणतोय.”

“काय पाहिलंत?”

“एकदा तू तिच्यावर हात उगारलास. मारलं नाहीस. पण नंतर दोन दिवस जेवली नाहीस. आणि त्या वर्षी तुझे दोन दात पडले, रात्री दातावर दात घासून. मला तुझ्याकडून ते करून घ्यायचं नाही.”

वसुधाबाईंना वाटलं होतं की हात उगारल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्या उठून ओट्यापाशी गेल्या, तिथून परत आल्या. मग त्यांनी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

“सुरेशला कळायच्या दोन वर्षं आधी मला कळलं होतं. फोनवर आई एकच गोष्ट तीनतीनदा विचारायची. मी रोज असले पेशंट बघत होते, मला कळणार नाही का? पण मी काही बोलले नाही. वाटलं, माझा भ्रम असेल. तेव्हा ती धड होती. विचारलं असतं तर सांगितलं असतं तिने कुठं राहायचं, कुणाकडं राहायचं. अकोटलाच एखादी बाई ठेवता आली असती. मी विचारलं नाही. सुरेश म्हणाला तेव्हा विचारण्यासारखी आईच उरली नव्हती. मग मी तिला उचलून इथं आणली आणि लोक म्हणाले, काय लेक आहे.”

“आपने नानी को बताया क्यों नहीं?” अपूर्वाने विचारलं.

“बोलले असते तर पुढचं करावं लागलं असतं. म्हणून.”

कृष्णकांतरावांनी कागदाखाली तारीख घातली, सही केली आणि साक्षीदार म्हणून सही करायला कागद बायकोकडे सरकवला. केंद्राच्या ओळीवर वसुधाबाईंनी बोट ठेवलं. “हे मला मान्य नाही.”

“मान्य असायची गरज नाही. मी सांगितलं एवढ्याची सही कर.”

त्यांनी केली.

पुढच्या महिन्यांत बरंच काही झालं आणि बरंच झालं नाही. वसुधाबाईंनी मेधास्पर्शला पत्र लिहिलं; उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मंडळाच्या सभेत त्या उभ्या राहून बोलल्या. सभा संपल्यावर नयना नावाच्या एका बाई जवळ आल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं की कूपनची मुदत अजून आहे का. वसुधाबाईंना रागही आला नाही. दोघांनी वकिलाकडे जाऊन कृष्णकांतरावांचे कागद रीतसर करून घेतले. ‘पापा केअर’ गट अपूर्वाने बंद केला, किंवा वडिलांना तसं सांगितलं. रक्त देणार का, असं तिने आईला पुन्हा एकदा विचारलं. वसुधाबाई म्हणाल्या, नाही. पण एक कागद आणून त्यांनीही चार ओळी लिहिल्या. त्यात काय लिहिलं ते त्यांनी अपूर्वाला वाचू दिलं, कृष्णकांतरावांना नाही. त्यात त्यांनी केंद्राचं नाव लिहिलं होतं.

वर्षाने पुन्हा परीक्षा झाली. गुण जवळपास तेच. मूत्रपिंडंही होती तिथेच होती. सबनीस म्हणाले, पुढच्या वर्षी या. कृष्णकांतराव स्कूटर चालवत होते, शेजारच्या साक्षी नावाच्या मुलीला संख्याशास्त्र शिकवत होते आणि तेच जुनं उदाहरण घालत होते. आता त्यात ते स्वतःचा आकडा घालायचे. ती पोरगी हसायची.

घरातलं वातावरण पुष्कळ निवळलं, असं सगळे म्हणत. एका गोष्टीबद्दल मात्र वसुधाबाई कुणाशी बोलल्या नाहीत. अपूर्वाने लक्ष ठेवणं सोडलं तसं त्यांनी ते सुरू केलं होतं. सोडायचं ठरवूनही सुटत नव्हतं. नवरा चहात साखर किती घालतो, कुलूप लावून परत ओढून बघतो का, एखादी जुनी हकिकत सांगताना गावाचं नाव चुकतो का. चेहऱ्यावर काही न दाखवता त्या मोजत असत. कूपनवाल्या पोरीला, अपूर्वाला, खिडकीसमोरच्या हजारो माणसांना त्यांनी ज्या नजरेने पाहिलं होतं, त्या नजरेला आता घरातच काम मिळालं होतं, आणि ते करणारी बाई त्यांना आवडत नव्हती.

एप्रिलमधल्या एका सकाळी दूध उतू जायच्या बेतात होतं. कृष्णकांतराव ओट्यापाशी होते. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, “अगं, ते दे ना मला. ते हे...”

सांडशी वसुधाबाईंच्या हातापाशीच लटकत होती. ती काढून द्यायला अर्धा क्षण पुरला असता. त्यांनी दिली नाही. त्या उभ्या राहिल्या आणि मनात मोजू लागल्या. एक, दोन, तीन, चार. दूध वर चढत होतं. नऊ, दहा.

“सांडशी,” कृष्णकांतराव म्हणाले. मग त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. “किती झाले?”

“दहा,” वसुधाबाई म्हणाल्या, आणि गॅस बंद केला. दूध तोवर शेगडीवर पसरलं होतं. दोघांनी मिळून ते पुसलं.